पँडासच्या तक्त्याचे एचटीएमएल संकेतस्थळाच्या सीएसएसला जुमानत नाही

निफाडकर (सोमवार, सकाळी ९.४०)

नमस्कार. निफाड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी रोजच्या कांदा बाजारभावाचे पान तयार करतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, मनमाड, उमराणे आणि सटाणा या बाजार समित्यांचे आकडे दुपारी एका सीएसव्ही फाइलमध्ये गोळा करायचे, पायथनच्या पँडास लायब्ररीने ते वाचायचे आणि तयार झालेला एचटीएमएल तक्ता संकेतस्थळावर चढवायचा, असा क्रम आहे. रकाने नेहमीचेच आहेत : बाजार समिती, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर आणि शेवटी शेरा.

पूर्वी मी डेटाफ्रेमचे (पँडासमधील तक्त्याचे) साधे ‘टू एचटीएमएल’ वापरत असे. त्यातून येणाऱ्या तक्त्याला लायब्ररी स्वतःहून ‘बॉर्डर’ हे ॲट्रिब्यूट आणि ‘डेटाफ्रेम’ नावाचा क्लास (शैलीचे नियम जोडण्यासाठीचे नाव) लावते. तक्ता दिसायला जुन्या नोंदवहीसारखा होता, पण निदान आमच्या सीएसएसचे, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या नियमांचे, ऐकत होता. पुढे संचालकांनी अशी मागणी केली की कालच्यापेक्षा सर्वसाधारण दर उतरला असेल तर तो खाना तांबूस आणि चढला असेल तर हिरवट दिसावा, म्हणून मी पँडासमधील स्टायलर या तक्ता सजवण्याच्या साधनाकडे वळलो. रंग आले, पण बाकीचे सगळे गेले : कडा नाहीत, मथळ्याची पार्श्वभूमी नाही, आकडे डावीकडे सरकलेले. मग मी ‘टेबल’, ‘टीएच’, ‘टीडी’ या टॅगांवरच थेट नियम लिहून प्रत्येकापुढे ‘इम्पॉर्टंट’ (इतर नियमांवर मात करणारी खूण) लावत सुटलो. त्यामुळे भावाचा तक्ता कसाबसा उभा राहिला, पण संपर्काच्या पानावरचा कार्यालयीन वेळांचा तक्ता बिघडला.

आणखी दोन तक्रारी आहेत. आवक १,२३,४५६ अशी दिसायला हवी, ती पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन अंकांवर तोडली जाते. आणि आकडे तेच असले तरी तयार होणारी फाइल प्रत्येक वेळी वेगळी असते, त्यामुळे गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) काय बदलले ते कळत नाही. हे ‘इम्पॉर्टंट’चे जंगल साफ करण्याचा काही शिस्तशीर मार्ग आहे का?

(लायब्ररीतील नावे मी देवनागरीत लिहीत आहे. टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहावीत.)


सातपूरकर (सोमवार, सकाळी ११.०५)

निफाडकर, आपल्या अडचणीत दोन वेगळी कारणे मिसळली आहेत आणि ती सुटी केल्याशिवाय उपाय सापडणार नाही.

पहिले कारण अगदी साधे आहे. आपले जुने नियम बहुधा ‘डेटाफ्रेम’ या क्लासवर लिहिलेले असावेत. तो क्लास डेटाफ्रेमच्या ‘टू एचटीएमएल’मधून येतो, स्टायलरच्या ‘टू एचटीएमएल’मधून येत नाही. नावे सारखी असली तरी ही दोन निरनिराळी यंत्रे आहेत. स्टायलर पँडासमध्ये २०१५ साली ०.१७.१ या आवृत्तीत आला, तो जिंजा या लायब्ररीच्या टेम्पलेटांवर (एचटीएमएलच्या साच्यांवर) चालतो, आणि त्याच्या तक्त्याला आपण सांगितल्याशिवाय ना कड असते ना क्लास. म्हणजे तुमचे नियम हरलेले नव्हते. त्यांना लागू होण्यासाठी समोर काही नव्हतेच. ‘सेट टेबल ॲट्रिब्यूट्स’ या मेथडला क्लास लिहून दिला की तो थेट ‘टेबल’ टॅगमध्ये उतरतो. तेथे ‘डेटाफ्रेम’ न लिहिता स्वतःचे नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘भाव-तक्ता’चे रोमन रूप, म्हणजे संपर्काच्या पानाला धक्का लागणार नाही.

दुसरे कारण प्राधान्याचे आहे. स्टायलर प्रत्येक तक्त्याला एक आयडी देतो : ‘टी’, अंडरस्कोर आणि त्यापुढे पाच अक्षरांची यादृच्छिक खूण. तुम्ही ‘अप्लाय’ने रंग दिला की तो त्या आयडीला ओळ आणि रकान्याचा क्रमांक जोडून प्रत्येक खान्यासाठी स्वतंत्र नियम लिहितो. ‘सेट टेबल स्टाइल्स’मधून दिलेले नियमही याच आयडीच्या मागे जोडून बाहेर पडतात. सीएसएसच्या हिशेबात एक आयडी कितीही क्लासांना भारी पडतो, त्यामुळे आपल्या स्टाइलशीटमध्ये क्लासवर लिहिलेला नियम तेथे टिकत नाही आणि माणूस ‘इम्पॉर्टंट’कडे धावतो.

गिटमधील गोंधळाचे मूळही हीच खूण आहे, कारण ती दर वेळी नवी तयार होते. ‘सेट यूयूआयडी’ने तिला कायमचे नाव द्यावे. एकाच पानावर दोन तक्ते असतील तर मात्र दोघांना वेगवेगळी नावे द्यावीत, नाहीतर दोघांचे आयडी सारखे होऊन एकाचे रंग दुसऱ्यावर चढतील.

माझे मत विचाराल तर रंग लायब्ररीकडून मागूच नयेत. लायब्ररीने फक्त ‘हा खाना उतरलेल्या दराचा आहे’ एवढे क्लास लावून सांगावे आणि उतरलेला दर कसा दिसावा हे आपल्या सीएसएस फाइलने ठरवावे. त्यासाठी ‘सेट टीडी क्लासेस’ ही मेथड आहे. मूळ तक्त्याच्या मापाचा दुसरा डेटाफ्रेम करावा, सगळीकडे रिकामी अक्षरमाला ठेवावी, आणि जेथे दर उतरला किंवा चढला आहे तेथे फक्त क्लासचे नाव ठेवावे. उद्या संचालकांनी तांबूसऐवजी केशरी रंग मागितला तर पायथनला हात लावावा लागणार नाही. स्टायलर तयार करताना ‘सेल आयडीज’ हा पर्याय बंद ठेवला तर प्रत्येक खान्यावरची आयडीची झूलही उतरते.


गंगापूररोडवासी (सोमवार, दुपारी १.२०)

एवढा खटाटोप कशासाठी? स्टायलरच्या ‘टू एचटीएमएल’मध्ये ‘एक्स्क्लूड स्टाइल्स’ हा पर्याय आहे. तो चालू केला की लायब्ररीची सगळी सीएसएस गळून पडते.


सातपूरकर (सोमवार, दुपारी १.५०)

गळून पडते हे खरे, पण तिच्याबरोबर आयडी आणि क्लासही गळून पडतात, आणि ‘टेबल’ टॅगवर लिहिलेली ॲट्रिब्यूट्सही राहत नाहीत. उरतो तो निव्वळ सांगाडा. ‘सेट टीडी क्लासेस’ने लावलेले क्लास त्या पर्यायाखाली दिसणार नाहीत आणि मग ते का दिसत नाहीत हे शोधण्यात संध्याकाळ जाईल. माझी गेली आहे.


निफाडकर (मंगळवार, सकाळी १०.१५)

सातपूरकर, आभार. ‘डेटाफ्रेम’ क्लासबद्दलचा आपला अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. ‘सेट यूयूआयडी’नंतर गिटमध्ये आता फक्त बदललेले आकडे दिसतात.

परंतु ‘सेट टीडी क्लासेस’ चालवल्यावर ‘की एरर’ येते, आणि त्या संदेशात इंडेक्स (ओळींची नावे) व रकाने एकमेव असले पाहिजेत असे काहीतरी म्हटले आहे. मी बाजार समितीचे नाव इंडेक्स म्हणून ठेवले आहे. गंमत अशी की जानेवारीच्या जुन्या फाइलवर हेच सगळे बिनतक्रार चालते.


पांडवलेणी (मंगळवार, सकाळी ११.३०)

जानेवारीत चालते आणि आता चालत नाही, याचे उत्तर पायथनमध्ये नसून कांद्यात आहे. जानेवारीत बाजारात लाल कांदाच असतो. मार्चच्या सुमारास लाल संपत येतो आणि उन्हाळ सुरू होतो, म्हणून लासलगावच्या दोन ओळी होतात : एक लाल, एक उन्हाळ. इंडेक्समध्ये ‘लासलगाव’ दोनदा आले की कोणत्या ओळीला कोणता क्लास लावायचा हे स्टायलरला ठरवता येत नाही आणि तो चूक दाखवून थांबतो. ‘अप्लाय’ आणि ‘मॅप’ यांचेही असेच आहे.

उपाय एका ओळीचा आहे. ‘रिसेट इंडेक्स’ करून बाजार समितीला साधा रकाना बनवावे, शून्यापासून सुरू होणारे क्रमांक इंडेक्स म्हणून राहू द्यावेत, आणि ‘हाइड’ या मेथडने इंडेक्स लपवावा. क्लासांचा डेटाफ्रेमही याच नव्या इंडेक्सवर बांधावा, नाहीतर नावे जुळणार नाहीत आणि न जुळलेल्या नावांकडे लायब्ररी चूक न दाखवता दुर्लक्ष करते.

जुने लेख वाचून काम करत असाल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. ‘हाइड इंडेक्स’ आणि ‘रेंडर’ या मेथडी २.० आवृत्तीत काढून टाकल्या आहेत. त्यांच्या जागी ‘हाइड’ आणि ‘टू एचटीएमएल’ आहेत. ‘अप्लायमॅप’चे नाव २.१ मध्ये ‘मॅप’ झाले. इंटरनेटवरची निम्मी उदाहरणे अजून जुन्याच नावांनी लिहिलेली आढळतात.


सिन्नरकर (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

धागा वाचला. एक वेगळे मत मांडतो. सात-आठ रकान्यांच्या एका तक्त्यासाठी स्टायलर हवाच कशाला? डेटाफ्रेमचे ‘टू डिक्ट’ वापरून ओळींची यादी करावी आणि स्वतःच्या जिंजा टेम्पलेटमध्ये फेरा (लूप) लावून ‘टीआर’ आणि ‘टीडी’ लिहावेत. वीस ओळींत काम होते, प्रत्येक क्लास आपल्या हातचा असतो, आणि आवृत्ती बदलली म्हणून काही मोडत नाही. स्टायलर जिंजावरच अवलंबून असल्यामुळे ती आपल्या संगणकावर आधीच आहे. लायब्ररीकडून हवे ते काढून घेण्यासाठी तिच्याशी झोंबत बसण्यापेक्षा हे मला स्वच्छ वाटते.


सातपूरकर (मंगळवार, रात्री ९.००)

सिन्नरकरांचे म्हणणे या तक्त्यापुरते मला मान्य आहे. मी मात्र स्टायलरच ठेवीन, कारण निफाडकर पुढे ‘दर’ या एका मोठ्या मथळ्याखाली कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन उपमथळे मागणार, हे मला आत्ताच दिसते आहे. अशा दुमजली मथळ्यांचे ‘कोलस्पॅन’ आणि ‘रोस्पॅन’ स्टायलर आपोआप मोजतो. स्वतःच्या फेऱ्यात ते हाताने मोजावे लागतात आणि मधला एक रकाना लपवला की सगळे मोजमाप चुकते.

आकड्यांबद्दल उत्तर राहिले होते. ‘फॉरमॅट’ मेथडचा ‘थाउजंड्स’ हा पर्याय फक्त स्वल्पविरामाचे चिन्ह बदलतो, गट कोठे पाडायचे ते बदलत नाही. गट तीन-तीन अंकांचेच राहतात. लाख-कोटींसाठी स्वतःचे फंक्शन द्यावे लागते आणि ‘फॉरमॅट’ ते आनंदाने स्वीकारते. फंक्शनमध्ये शेवटचे तीन अंक वेगळे काढावेत, उरलेले उजवीकडून दोन-दोनांनी तोडावेत आणि स्वल्पविरामाने जोडावेत. बेबेल ही लायब्ररी वापरली तर मराठीचा लोकेल (भाषेनुसार लेखनपद्धतीचे नियम) हे गट आपणहून पाडतो. देवनागरी अंक हवे असतील तर त्याच फंक्शनच्या शेवटी ‘ट्रान्सलेट’ने दहा अंकांची अदलाबदल करावी. मूळ डेटाफ्रेममधील आकडे आकडेच राहतात, फक्त दिसणे बदलते.

शेऱ्याच्या रकान्याबद्दल आवर्जून सांगतो. डेटाफ्रेमचे ‘टू एचटीएमएल’ मजकुरातील विशेष चिन्हे आपोआप निष्प्रभ करते; स्टायलर तसे करत नाही, त्याला ‘फॉरमॅट’मध्ये ‘एस्केप’ या पर्यायाला ‘एचटीएमएल’ असे मूल्य द्यावे लागते. आमच्याकडे एकाने शेऱ्यात ‘पेक्षा लहान’चे चिन्ह आणि त्याला चिकटून रोमन लिपीत ‘ए ग्रेड’ असे लिहिले होते. ब्राउझरने तो नवा टॅग समजला आणि शेरा पानावरून नाहीसा झाला. ते एक वेळ चालले असते. पण शेरा बाहेरच्या अर्जातून येत असेल आणि कोणी त्यात स्क्रिप्ट लिहिली, तर ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालेल.


कॉलेजरोडची (बुधवार, सकाळी ८.४५)

मी छपाईच्या व्यवसायात आहे. आपण पाठवलेले पान उघडून पाहिले आणि पायथनपेक्षा अक्षरांकडे अधिक लक्ष गेले.

मथळ्यांना ‘लेटर-स्पेसिंग’ दिलेले आहे. रोमन मोठ्या अक्षरांसाठी ती शोभेची गोष्ट असेल; देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते आणि ‘सर्वसाधारण’ हा शब्द दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो. ते कृपया काढून टाकावे. ओळीची उंची १.२ आहे, त्यामुळे ‘येवला’च्या मात्रेला आणि ‘पिंपळगाव’च्या अनुस्वाराला वरची कड घासते; १.५ किंवा १.६ ठेवल्यास अक्षरांना श्वास घेता येईल.

दुसरी बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. ‘टेबल’ टॅगला, किंवा त्याहून बरे म्हणजे संपूर्ण पानाला, ‘लँग’ हे ॲट्रिब्यूट ‘एमआर’ या मूल्यासह द्यावे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि भाषा मराठी आहे हे कळले तरच ब्राउझर ते वापरतो. सध्या आपल्या पानावर ‘लासलगाव’मधले दोन्ही ल हिंदी वळणाचे आहेत. ज्या गावाच्या नावात ल दोनदा येतो त्याच्या बाजारभावाच्या पानावर तरी हे नसावे. सातपूरकरांनी सांगितलेल्या ‘सेट टेबल ॲट्रिब्यूट्स’मध्येच क्लासच्या शेजारी हे लिहिता येईल.


निफाडकर (बुधवार, दुपारी ४.३०)

कॉलेजरोडची, ‘लँग’ दिले आणि ल बदलला! गेली दोन वर्षे मी ते पान रोज पाहतो आहे, पण हे कधी जाणवले नव्हते.

आता अडचणी दोन उरल्या. हाच तक्ता आम्ही सभासदांना ई-मेलनेही पाठवतो. तेथे सीएसएसची वेगळी फाइल चालत नाही. दुसरे असे की संकेतस्थळावर मथळ्यावर टिचकी मारली की तक्ता त्या रकान्याप्रमाणे लागतो, अशी एक छोटी स्क्रिप्ट आहे. देवनागरी अंक आल्यापासून ती गोंधळली आहे, कारण तिला ‘१,२३,४५६’ हा आकडा वाटतच नाही.


पांडवलेणी (बुधवार, सायंकाळी ५.४५)

ई-मेलसाठी येथवर सांगितलेले तत्त्व नेमके उलटे करावे लागते. विंडोजवरचे पारंपरिक आउटलुक २००७ पासून एचटीएमएल दाखवण्यासाठी वर्डचे यंत्र वापरते आणि त्याला बरीच सीएसएस कळत नाही, म्हणून शैली प्रत्येक खान्याच्या ‘स्टाइल’ ॲट्रिब्यूटमध्येच लिहिलेली बरी. ते हाताने करू नये. संकेतस्थळासाठी तयार केलेले एचटीएमएल आणि आपली सीएसएस प्रीमेलर या पायथन लायब्ररीला द्यावी. ती क्लासांवरचे नियम उचलून प्रत्येक टॅगमध्ये भरते. म्हणजे मूळ स्रोत एकच राहतो.

यात आकारावर नजर ठेवावी. जीमेल साधारण १०२ किलोबाइटनंतर संदेश कापते आणि पुढचे पाहण्यासाठी दुवा देते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यात प्रत्येक खान्यात शैली भरली की तक्ता वाटतो त्यापेक्षा बराच जड होतो. सात समित्यांना भीती नाही. संपूर्ण आठवड्याचा तक्ता पाठवू नये.


सातपूरकर (बुधवार, रात्री १०.२०)

क्रमवारीच्या स्क्रिप्टसाठी मात्र टेम्पलेटला हात घालण्याची वेळ आली आहे. खान्यात दिसणारा मजकूर देवनागरी राहावा आणि स्क्रिप्टला मूळ आकडा मिळावा, यासाठी प्रत्येक ‘टीडी’वर ‘डेटा-व्हॅल्यू’ असे ॲट्रिब्यूट हवे, आणि ते स्टायलरच्या नेहमीच्या मेथडींतून मिळत नाही.

पँडासच्या मूळ टेम्पलेटची फाइल अख्खी उतरवून बदलू नये. पुढच्या आवृत्तीत ती बदलली की आपली प्रत शिळी होते. आपल्या फोल्डरमध्ये एक छोटी टेम्पलेट फाइल करावी, पहिल्या ओळीत ‘एक्स्टेंड्स’ लिहून पँडासच्या ‘एचटीएमएल टेबल’ टेम्पलेटचे नाव द्यावे आणि खाली फक्त ‘टीआर’ नावाचा ब्लॉक नव्याने लिहावा. त्या ब्लॉकमध्ये ओळीतील खान्यांवर फेरा असतो. प्रत्येक खान्याजवळ ‘डिस्प्ले व्हॅल्यू’ म्हणजे सजवलेला मजकूर आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे मूळ मूल्य अशा दोन्ही गोष्टी असतात. दुसरी ॲट्रिब्यूटमध्ये ठेवावी, पहिली टॅगच्या आत. लपवलेले खाने वगळण्याची अट मूळ ब्लॉकमध्ये आहे, ती विसरू नये. नाहीतर लपवलेला इंडेक्स पुन्हा डोके वर काढेल. आणि ‘व्हॅल्यू’पुढे जिंजाचा ‘ई’ हा फिल्टर लावावा, कारण ‘फॉरमॅट’मधील ‘एस्केप’ फक्त दिसणाऱ्या मजकुराला लागू होते, मूळ मूल्याला नाही.

मग ‘स्टायलर’ या क्लासवर ‘फ्रॉम कस्टम टेम्पलेट’ बोलावून आपले फोल्डर आणि फाइलचे नाव द्यावे. त्यातून नवा स्टायलर क्लास मिळतो आणि त्यात डेटाफ्रेम घालायचा असतो. ‘डीएफ डॉट स्टाइल’ येथे चालत नाही, ते जुनाच स्टायलर देते. याच मेथडला ‘एचटीएमएल स्टाइल’साठी एक रिकामी फाइल दिली तर तक्त्याच्या डोक्यावर येणारा ‘स्टाइल’ टॅगही जातो. गंगापूररोडवासींना जे हवे होते ते असे मिळते, क्लास न गमावता.


सिन्नरकर (बुधवार, रात्री १०.४०)

म्हणजे शेवटी जिंजाचा फेरा लिहिलाच!


सातपूरकर (बुधवार, रात्री १०.४५)

लिहिला, पण एकाच ब्लॉकपुरता. मथळ्यांचे मोजमाप अजूनही लायब्ररीकडेच आहे.


निफाडकर (शुक्रवार, दुपारी ३.१५)

टेम्पलेट बसले, क्रमवारी लागते, ‘इम्पॉर्टंट’ एकही उरलेला नाही आणि संपर्काचे पान पूर्ववत झाले. सातपूरकरांचा अंदाजही खरा ठरला : काल संचालकांनी ‘दर’चा दुमजली मथळा मागितला.

एकाच ठिकाणी अर्धा दिवस गेला, तो येथे नोंदवतो. मी आधी ‘फॉरमॅट’ बोलावून आवक आणि तिन्ही दरांना लाखांचे फंक्शन दिले आणि लगेच खाली दुसऱ्यांदा ‘फॉरमॅट’ बोलावून ‘एस्केप’ दिले व रिकाम्या शेऱ्यासाठी ‘एनए रेप’मध्ये आडवी रेघ दिली. त्याबरोबर सगळे अंक पुन्हा रोमन झाले. दुसऱ्या बोलावण्यात ‘सबसेट’ दिलेला नसल्यामुळे ते सगळ्या रकान्यांना लागू होते आणि पहिल्याने दिलेले फंक्शन पुसून टाकते. आता दुसऱ्या ‘फॉरमॅट’ला ‘सबसेट’ म्हणून बाजार समिती, जात, परिमाण आणि शेरा एवढेच रकाने दिले आहेत. आज उमराण्याचा आकडा आलेला नव्हता, तेथे पहिल्या ‘फॉरमॅट’मध्येही ‘एनए रेप’ द्यावे लागले. त्या ओळीत आता ‘आवक नाही’ असे दिसते.